रक्तदाबाच्या आकड्यात पारा आला कुठून?

नीटची तयारी करणारी मुलं दवाखान्यात आली की एक प्रश्न हमखास येतो. बायोलॉजीचं ठीक आहे, पण फिजिक्समधला फ्लुइड्सचा तो धडा, तो बर्नूली, ती विष्यंदिता, हे सगळं डॉक्टर होणाऱ्यांनी कशासाठी घोकायचं? तुम्हाला कधी लागतं का ते?

लागतं. रोज लागतं. तुमच्या आईबाबांच्या बीपीच्या कागदावर ते लिहिलेलंच असतं. '१४० बाय ९०' एवढंच आपण बोलतो, पुढचं एकक कोणी उच्चारत नाही. ते एकक आहे मिलिमीटर पारा. मिलिमीटर हे लांबीचं माप आणि पारा हा धातू. या दोघांचा रक्ताशी संबंध काय? तो संबंध जुळायला पावणेतीनशे वर्षं लागली. जुळवणाऱ्यांत एक धर्मोपदेशक होता, एक इंजिनिअर होता आणि बरेचसे डॉक्टर होते. आजचा लेख नेहमीपेक्षा लांब आहे, औषधांपेक्षा इतिहास त्यात जास्त आहे. पण 'मला काहीच त्रास होत नाही, मग बीपीची गोळी कशाला?' हा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर त्याचं खरं उत्तर या इतिहासातच आहे.

सुरुवात विल्यम हार्वेपासून करू. १६२८ साली या इंग्रज डॉक्टराने सांगितलं की रक्त शरीरात गोल फिरतं. त्याआधी समज असा होता की यकृतात रक्त तयार होतं आणि शेतात पाणी जिरावं तसं अवयवांत जिरून संपतं. हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला किती ठोके पडतात, याचा अगदी हात राखून गुणाकार केला, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरतं. एवढं रक्त रोजच्या जेवणातून तयार होणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त परत येत असणार. आजचे आकडे घ्या: ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. शरीरातलं एकूण रक्तही तेवढंच. दर मिनिटाला सगळं रक्त एक फेरी मारून येतं.

किती रक्त, हे हार्वेने सांगितलं. किती जोराने, हे कळायला दाब मोजायला हवा होता. दाब मोजायची युक्ती इटलीत निघाली. १६४३-४४ च्या सुमारास तोरिचेल्लीने पाऱ्याने भरलेली काचनळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. नळीतला पारा साधारण ७६० मिलिमीटरवर थांबला. बाहेरच्या हवेचा दाब तेवढ्या पाऱ्याला तोलून धरत होता. दाब म्हणजे 'तो किती उंचीचा द्रव तोलून धरतो' असं म्हणता येतं, हे तिथून रूढ झालं. तुमच्या सोसायटीतही हेच चालतं. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर असतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवर रडत असतो. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी किती रुंद आहे यावर नाही.

रक्ताला हीच कसोटी लावायचं धाडस केलं स्टीफन हेल्सने. हा डॉक्टर नव्हता. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावातल्या चर्चचा हा धर्मोपदेशक. झाडं मुळांतून पाणी किती जोराने खेचतात याचेही प्रयोग त्याने केले. रक्ताच्या प्रयोगासाठी त्याने एक घोडी घेतली. कामाला निरुपयोगी म्हणून ती तशीही मारलीच जाणार होती. तिला आडवी बांधून मांडीतल्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला ९ फूट उंचीची काचेची नळी जोडली. बांध सोडताच रक्त नळीत चढू लागलं आणि हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर पोचलं. तिथे ते स्थिर राहिलं नाही, प्रत्येक ठोक्याबरोबर दोन-चार इंच वरखाली होत राहिलं. हे सगळं त्याने १७३३ च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही. भूल नावाची गोष्ट अजून शंभर वर्षं दूर होती. पण आकडा बघा. ८ फूट ३ इंच रक्त म्हणजे पाऱ्याच्या भाषेत साधारण १९० मिलिमीटर. वेदनेने आणि भीतीने त्या घोडीचा दाब चढलेला असणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुमचा दाब १२० असेल आणि असाच प्रयोग तुमच्यावर केला, तर रक्त साधारण ५ फूट चढेल. मिलिमीटर पारा का वापरायचा, याचं व्यवहारी उत्तर इथे मिळतं. पारा रक्तापेक्षा जवळजवळ १३ पट जड आहे. त्यामुळे पाच फुटांचं काम १२ सेंटिमीटरमध्ये होतं. खोलीच्या छताला टेकणाऱ्या नळीऐवजी टेबलावर मावणारं यंत्र पुरतं.

हेल्सचा प्रयोग तुम्हीही पाहिलेला आहे, फक्त उलट्या दिशेने. सलाईनची बाटली स्टँडवर वर का टांगतात? हाताच्या शिरेत दाब कमी असतो, ८-१० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. एक मीटर उंचीवरचं पाणी ७०-७५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब देतं, म्हणून सलाईन आत जातं. पेशंटला एक्स-रेला नेताना नातेवाईक बाटली काढून त्याच्या पोटावर ठेवतात आणि मग नळीत रक्त चढलेलं पाहून एकच गोंधळ होतो. काही बिघडलेलं नसतं. उंची गेली, दाब गेला, एवढंच. बाटली वर धरा आणि सिस्टरला हाक मारा.

हेल्सने आणखी एक प्रयोग केला होता, त्याची चर्चा फारशी होत नाही. मला मात्र तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मेलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या धमन्यांतून त्याने ठरावीक दाबाने वेगवेगळे द्रव सोडले आणि ते बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. गरम पाणी भराभर बाहेर आलं. ब्रँडी सोडली तेव्हा प्रवाह मंदावला. दाब तोच, पण प्रवाह वेगळा. म्हणजे बारीक रक्तवाहिन्या आकसतात किंवा सैल होतात आणि वाट किती मोकळी राहणार हे त्या ठरवतात. रक्तदाबावरच्या निम्म्या औषधांचं बीज इथे आहे.

आता पाठ्यपुस्तकातल्या बर्नूलीकडे. डॅनियल बर्नूली गणिती म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचं शिक्षण वैद्यकाचं. १७२१ साली त्याने श्वसनावर प्रबंध लिहून पदवी घेतली. पुढे बाझल विद्यापीठात तो शरीररचना आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला लागला. घराणं गणितज्ञांचं आणि वडील योहान भलतेच तापट. १७३४ साली पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बापलेकांत वाटून मिळालं, तर मुलाला आपल्या बरोबरीने बसवलं याचाच त्यांना राग आला. १७३८ मध्ये डॅनियलचं 'हायड्रोडायनॅमिका' आलं. द्रव वेगाने वाहतो तिथे त्याचा दाब कमी होतो आणि वेग मंदावतो तिथे दाब वाढतो, हा त्यातला मुख्य विचार. दाब ही एक प्रकारची शिल्लक आहे. ती वेगावर खर्च झाली की दाबाच्या खात्यात कमी उरते.

परीक्षेसाठी पाठ केलेलं हे समीकरण इकोकार्डिओग्राफीचं मशीन दिवसभर सोडवत असतं. हृदयाची झडप अरुंद झाली की रक्त त्या फटीतून पिचकारीसारखं वेगाने उडतं. डॉप्लरने तो वेग मोजता येतो. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक काढायला वेगाचा वर्ग करून ४ ने गुणायचं. वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर ४ गुणिले १६, म्हणजे ६४ मिलिमीटर पारा. महाधमनीच्या झडपेत एवढा फरक दिसला तर झडप गंभीररीत्या अरुंद आहे असं आम्ही धरतो. हा ४ कुठून आला? विद्यार्थ्यांनी स्वतः काढून बघा. रक्ताची घनता दर घनमीटरला १०६० किलो, तिचे निम्मे ५३०, आणि एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. भागाकार जवळजवळ बरोबर ४ येतो. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या संशोधकांनी ही पद्धत बसवली. त्याआधी हा फरक कळायला हृदयापर्यंत नळी घालावी लागे. लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन झडप खराब झालेल्या किती पेशंटची ती नळी या एका गुणाकाराने वाचवली असेल!

पण बर्नूलीच्या गणितात एक अडचण होती. त्यात घर्षण नाही. त्याच्या हिशेबाने आडव्या, सारख्या जाडीच्या नळीत दाब सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी राहायला हवा. शरीरात तसं होत नाही. महाधमनीत सरासरी ९५ च्या आसपास असलेला दाब परत हृदयाशी येईपर्यंत जवळपास संपतो. तो जातो कुठे?

हा प्रश्न ज्याने धसाला लावला तो या लेखाचा खरा नायक. जाँ लिओनार मारी प्वाझई, जन्म १७९७, पॅरिस. आधी एकोल पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्र आणि गणित, मग वैद्यक. १८२८ च्या प्रबंधासाठी त्याने हेल्सची लांबलचक नळी टाकून दिली आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, पारा भरलेली नळी घेतली. ती प्राण्याच्या धमनीला जोडली. रक्त नळीत गोठू नये म्हणून मध्ये पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण ठेवलं. पाऱ्याच्या दोन बाजूंच्या उंचीतला फरक म्हणजे दाब. आपल्या कागदावरचा मिलिमीटर पारा रक्ताच्या हिशेबात शिरला तो इथे.

त्याने हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत दाब मोजला, दूरच्या धमन्यांत मोजला, पार २ मिलिमीटर व्यासाच्या धमनीपर्यंत गेला. दाब जवळजवळ तेवढाच. म्हणजे मोठ्या रस्त्यांवर काहीच खर्च होत नाही. सगळा दाब त्याहून बारीक गल्लीबोळांत जिरतो. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या बारीक वाहिन्या पाहत बसला. तिथे त्याला दिसलं की मधोमध रक्तपेशी धावतात आणि भिंतीला लागून द्रवाचा एक थर जवळजवळ स्थिर असतो. नदीतही तसंच असतं, काठाला पाणी संथ आणि मध्यधारेला ओढ.

जिवंत वाहिन्यांत नेमकं मोजमाप जमेना, म्हणून त्याने काचेच्या केसासारख्या नळ्या घेतल्या. रक्त गोठतं, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरलं. कोंडलेल्या हवेच्या दाबाने ते नळीतून ढकलायचं आणि ठरलेलं पाणी जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दाब बदलून, लांबी बदलून, व्यास बदलून आणि तापमानसुद्धा बदलून त्याने हे केलं. वर्षानुवर्षं हेच. १८४० च्या सुमारास निकाल अकादमीपुढे ठेवले, सगळा अहवाल छापून आला १८४६ मध्ये. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली की निम्मा होतो. इथपर्यंत कोणीही अंदाज केला असता. पण नळीचा व्यास दुप्पट केला की प्रवाह दुप्पट नाही, चौपटही नाही, तर सोळापट होतो. चौथा घात!

सोळापट का? चौपट तर नळीचं तोंड चौपट मोठं झालं म्हणून. उरलेली चौपट वेगाची. भिंतीला चिकटलेला थर हलत नाही आणि तो शेजारच्या थराला मागे ओढतो. नळी रुंद झाली की मधली धार भिंतीपासून दूर जाते, तिला ओढणारं कमी होतं आणि ती चौपट वेगाने पळते. चार चोक सोळा.

गंमत म्हणजे गोटहिल्फ हागेन नावाचा प्रशियातला जलअभियंता पितळी नळ्यांवर प्रयोग करून याच निष्कर्षाला पोचला होता. त्याने १८३९ मध्येच तो छापला. त्याच्या मोजमापातून घात ४.१२ आला आणि तो ४ च असावा असं त्याने सुचवलं. त्याचाही जन्म १७९७ चाच. एकाला शरीरातल्या नळ्यांचं कुतूहल, दुसऱ्याला शहराच्या. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आज पुस्तकं नियमाला दोघांचंही नाव देतात. द्रवाच्या दाटपणाचं, म्हणजे विष्यंदितेचं, 'पॉइज' हे एकक मात्र प्वाझईच्या वाट्याला आलं.

हा चौथा घात दवाखान्यात कुठे भेटतो? अपघाताचा पेशंट येतो, रक्त वाहून गेलेलं असतं. तेव्हा आम्ही पिवळी किंवा निळी सुई मागत नाही, राखाडी किंवा नारिंगी मागतो. सलाईनच्या सुयांचे रंग त्यांच्या जाडीवरून ठरलेले असतात. सुई थोडी जाड आणि आखूड घेतली की बाटली कितीतरी लवकर रिकामी होते, आणि त्या घडीला तेवढी मिनिटंच हातात असतात. 'बारीक सुई लावा हो, दुखेल त्यांना' असं नातेवाईक कळवळून सांगतात, तेव्हा त्यांना प्वाझई समजावून सांगायला वेळ नसतो.

लहान मुलांचा श्वास घ्या. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेचा सगळ्यात अरुंद भाग साधारण ४ मिलिमीटर. सर्दी-खोकल्यात तिथे चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की वाट उरते २ मिलिमीटर. चौथ्या घाताने अडथळा सोळापट. तेवढीच सूज तुमच्या-माझ्या घशात आली तर फक्त आवाज बसेल. म्हणून बाळाचा श्वास घेताना घर्र आवाज येत असेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका.

आता बीपीच्या गोळीकडे वळू. प्वाझईने दाखवलं की दाब मोठ्या धमन्यांत खर्च होत नाही. तो खर्च होतो धमनिकांत, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक फांद्यांत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की वाट अरुंद होते. बहुतेक लोकांचा वाढलेला रक्तदाब म्हणजे या लाखो बारीक वाहिन्या किंचित आवळून बसलेल्या असणं. अडथळा वाढला तरी मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पुरवायलाच हवं, म्हणून हृदय जास्त जोर लावतं. प्रवाह कायम राहतो, दाब चढतो.

तुम्हाला काही जाणवत नाही ते याच कारणाने. सगळ्या अवयवांना रक्त पुरेसं पोचतंय, मग तक्रार कोण करणार? तक्रार यायला लागते ती वर्षानुवर्षं वाढीव दाब सोसून भिंती जाड आणि कडक झाल्यावर. मग ती पक्षाघात, डोळ्याचा पडदा किंवा वाढलेलं क्रिएटिनिन या भाषेत येते. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, हे गणित जमत नाही. शरीरात दाबाची घंटा नाही. दाब मोजता येईपर्यंत हा आजार ओळखता येत नव्हता, तो त्यामुळेच.

ॲम्लोडिपिनसारखी गोळी या बारीक वाहिन्या सैल करते. किती? फार नाही. चौथ्या घाताचा इथे फायदा होतो. त्रिज्या फक्त ५ टक्के वाढली तरी त्याच दाबाला प्रवाह जवळजवळ २२ टक्के जास्त जातो. एवढुशा गोळीने एवढा मोठा आकडा कसा उतरतो, याचं आश्चर्य वाटायला नको. काहींच्या घोट्यांना या गोळीने सूज येते, तीही याच कारणाने. वरचा दरवाजा सैल झाल्यावर थोडा जास्त दाब पुढे केशवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि पाणी झिरपतं. ती किडनी बिघडल्याची खूण असतेच असं नाही. तरी डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. आपल्या मनाने बंद करू नका.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन घरी चौथा घात करत बसाल. '७० टक्के ब्लॉक' म्हणजे फक्त ३० टक्के रक्त जातंय, असं अनेकांना वाटतं. प्वाझईचा नियम लावला तर आणखीच भयंकर आकडा निघेल. दोन्ही चूक. तो नियम लांब, सरळ, कडक नळीचा आणि एकसारख्या प्रवाहाचा आहे. ब्लॉक आखूड असतो, आणि पुढच्या धमनिका सैल होऊन त्याची भरपाई करतात. त्यामुळे बसल्या जागी रक्त जवळजवळ पूर्ण जातं. ओढाताण होते ती जिना चढताना, कारण सैल होण्याची सगळी कुवत आधीच वापरून झालेली असते. छातीत दुखणं चालताना येतं आणि थांबल्यावर जातं, ते यामुळे. रिपोर्टमधला टक्का आणि तुमचा त्रास दोन्ही एकत्र पाहूनच निर्णय घेतात, तो हृदयरोगतज्ज्ञांना घेऊ द्या.

दाब कळला, नियम कळला, पण माणसाचा दाब मोजायचा कसा? दर वेळी धमनीत नळी खुपसणं शक्य नव्हतं. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रीवा-रोच्ची या डॉक्टराने दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळायची युक्ती काढली. त्यासाठी सायकलची ट्यूब वापरली. पट्ट्यात हवा भरत जायची, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. हा वरचा आकडा. खालचा आकडा त्याला मिळत नव्हता. शिवाय त्याचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, त्यामुळे दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसे. रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टराने १९०१ मध्ये रुंद पट्टा सुचवून ते सुधारलं.

खालचा आकडा मिळाला तो आवाजामुळे, आणि त्या आवाजामागे पुन्हा फ्लुइड्सचाच धडा आहे. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवत नेल्यावर एका टप्प्याला ती विस्कटली आणि सगळं पाणी रंगून गेलं. शांत प्रवाह मुका असतो, खळाळता प्रवाह आवाज करतो. नदी डोहात गप्प असते आणि धोंड्यांवर बोलते. रक्त पातळ असेल तरी खळखळ लवकर होते. हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेल्या बाईच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की अनेकदा फुसफुस आवाज येतो. हृदयाला भोक असेल का, या शंकेने घरचे हवालदिल होतात. रक्त भरून आलं की बहुतेक वेळा तो आवाज आपोआप जातो.

१९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यविशारदाने रीवा-रोच्चीच्या पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत, कान लावला. रशिया-जपान युद्धातल्या जखमींच्या फुगलेल्या धमन्या ऐकायची त्याला सवय होती. पट्टा पूर्ण आवळलेला असताना शांतता. हवा सोडत गेल्यावर रक्त मधूनमधून फटीतून उसळू लागतं, टक-टक आवाज येतो. हा वरचा आकडा. धमनी पूर्ण उघडून प्रवाह पुन्हा शांत झाला की आवाज नाहीसा होतो. हा खालचा. त्याने याचं केलेलं टिपण जेमतेम एका पानाचं. आज तुमच्या गावातल्या आरोग्य केंद्रात स्टेथोस्कोप लावून बीपी घेतात ती हीच पद्धत.

पारा विषारी असल्याने मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रं आता मागे पडत चालली आहेत. घरोघरी डिजिटल मशीन आलं. त्यात ना पारा, ना कान. पट्ट्यातल्या दाबाची थरथर टिपून ते आकडा काढतं, पण दाखवतं मिलिमीटर पाऱ्यातच.

ते मशीन वापरताना वरच्या मंडळींना विसरू नका. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला ठेवा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर आकडा सात-आठ मिलिमीटर जास्त येतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन त्यात मिळतं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, नाहीतर रीवा-रोच्चीसारखा चढा आकडा मिळेल. आणि हेल्सची घोडी आठवते ना? भांडून, धावत येऊन किंवा लघवी तुंबवून मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, गप्प बसा. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या.